तीन बोटं, दुसऱ्या पेरापर्यंत

दुकानात आल्या आल्या ते राम राम घालत नसत. आधी उजव्या हाताची मधली तीन बोटं एकमेकांना चिकटवायची, दारात टांगलेल्या जाळ्याच्या एका डोळ्यात घालायची, दुसऱ्या पेरापर्यंत नेऊन थांबायचं आणि मग निकाल द्यायचा. "जातंय" किंवा "न्हाय जात". एवढं झालं की माझ्याकडे बघून हसायचे. "राम राम, सांगवीकर. चहा झाला का?"

त्यांचं नाव इथे देत नाही. दिलं तरी तुम्हाला उपयोग नाही, कारण उजनीच्या पाण्याच्या इंदापूरकडच्या काठावर त्यांना नावानं कुणी ओळखतच नव्हतं. सगळ्यांचे ते तात्या. धरण झालं तेव्हा त्यांच्या वडिलांचं वावर पाण्याखाली गेलं. तात्या तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचे. शेतकऱ्याचं पोर, पण नदीवरच्या जुन्या भोई मंडळींच्या मागे मागे फिरून मासे धरायला शिकलं आणि पुढे जन्मभर आपल्याच बुडालेल्या वावरावर होडी फिरवत राहिलं. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की त्यांच्या जुन्या विहिरीचं तोंड उघडं पडायचं. वर्षातून एकदा ते तिथे चालत जायचे, आत डोकावायचे आणि परत यायचे. "हाय का जाग्यावर, एवढं बघायचं," असं म्हणायचे.

आता माझं सांगतो, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. मी बारामती तालुक्यातल्या सांगवीचा. घरची वांगी, कोथिंबीर, मेथी. मासा आमच्याकडे शिजायचा तो चुकूनमाकून, आणि तोही अंगणातल्या तीन दगडांच्या चुलीवर, कारण आई त्याला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू देत नसे. असा माणूस मासेमारीच्या जाळ्यांचं दुकान काढतो म्हणजे काय ते समजा. मेव्हण्याचा दोरखंडाचा धंदा होता, त्यानं बुद्धी दिली आणि मी या काठावर रस्त्यालगत गाळा घेतला. जाळ्याच्या एका कडेला पाण्यावर तरंगणारं बूच असतं आणि दुसऱ्या कडेला खाली ओढणारं शिसं. मी दारात पहिलं जाळं टांगलं ते शिसं वर आणि बूच खाली करून. तात्या थांबले. जाळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"सांगवीकर," ते म्हणाले, "मासं काय आभाळातनं पडणार हाईत व्हय?"

तेव्हापासून मी त्यांच्यासाठी सांगवीकर झालो. बोलायचे मात्र अहो-जाहोनं. दुकानदाराला मान द्यायचा असतो, मग तो गाढव असला तरी, असं त्यांचं मत असावं.

आता ही तीन बोटांची भानगड. जाळ्याचा डोळा, म्हणजे त्याचं एकेक भोक, बारीक असला की त्यात लहान मासा अडकतो. तो मोठा व्हायच्या आत, एकदाही अंडी टाकायच्या आत, बाजारात जातो. दोन-चार वर्षं भरपूर मासे दिसतात आणि मग पाणीच ओस पडतं. नियम सरकारचा होताच, पण एवढ्या पाण्यावर मोजपट्टी घेऊन कोण फिरणार? शेवटी एका वर्षी कटला आणि रोहू इतके कमी झाले की काठावरच्या होडीवाल्यांनीच बैठक घेतली. मीही होतो, जाळी विकणारा म्हणून जरा मागे, अंग चोरून बसलेला. ठरलं की तीन बोटं दुसऱ्या पेरापर्यंत जातील एवढा डोळा हवा. त्याहून बारीक जाळं पाण्यात दिसलं तर कापायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात एक बाई उठली, नवऱ्याबरोबर होडी चालवणारी.

"तीन बोटं म्हणजे कुणाची?" तिनं विचारलं. "माझी का ह्यांची?"

झालं. जो तो स्वतःचा पंजा काढून बघायला लागला. एकाची बोटं भेंडीसारखी, एकाची वांग्यासारखी. अर्धा तास पंजे एकमेकांना लावून झाले. तात्या बाजूला बसून जाळं विणत होते. त्यांचा हात त्या बैठकीत सगळ्यात मोठा, हे कुणाच्या तरी लक्षात आलं. बोटं जाड, पेरं ठसठशीत, नायलॉनच्या दोरीनं घासून घासून कातडं चपलेच्या तळासारखं झालेलं. आणि त्या हातानं कधी खोटं माप केलं नाही, हे सांगायची गरज नव्हती. ठरलं. तीन बोटं म्हणजे तात्यांची तीन बोटं.

तुम्ही म्हणाल, असा नियम कुणी करतं का? एका माणसाच्या हातावर? पण तुम्ही त्या बैठकीत असतात तर तुम्हीही हात वर केला असता.

त्या दिवसापासून तात्यांची एक फेरी सुरू झाली. सकाळी होड्या काठाला लागायच्या, बर्फाच्या गाड्या यायच्या, आणि तात्या वाळत घातलेल्या जाळ्यांमधून हिंडायचे. बोलणं फार नाही. डोळा निवडायचा, बोटं घालायची. "जातंय." पुढे. "जातंय." पुढे. कुठे नाही गेली तर कमरेचा विळा काढायचे आणि कापायच्या आधी एकच वाक्य म्हणायचे, "लेकराला जाऊ द्या, बापाला धरा."

कुणीतरी हमखास चेष्टा करायचं, "आन् आईला वो, तात्या?"

"आईला पावसाळ्यात सोडा. अंडी टाकू द्यात. मग ती बी आपलीच हाय, कुठं पळतीया."

एकदा त्यांच्या साडूचंच जाळं सापडलं. साडू शेजारच्या गावचा, तात्यांकडे पाहुणा आलेला, आणि जाता जाता दोन मासे धरावेत म्हणून रात्री वडाप टाकून बसलेला. वडाप म्हणजे चिमणीही सुटणार नाही असलं बारीक, ओढायचं जाळं. सकाळी घरात ताटं मांडली होती. साडूनं हात धुतले होते. तात्या दारात उभे राहून म्हणाले, "जेवा तुमी, पावनं. निवांत जेवा. मग कापू." साडू जेवला, आणि तात्यांनी कापलं. काकी, म्हणजे त्यांची मंडळी, बहिणीच्या घरी तोंड दाखवायची चोरी झाली म्हणून महिनाभर धुसफुसत होत्या. मला म्हणाल्या, "साऱ्या धरणाची जाळी मापत हिंडत्यात. घरातल्या चाळणीला ह्ये भलं मोठं भोक पडलंय, ते दिसत न्हाय." पण हे सांगताना त्यांना हसू आवरत नव्हतं.

उन्हाळ्यात पाण्याला हिरवा रंग चढायचा. वरच्या शहरांची घाण खाली येते, कुठे जलपर्णीचे गालिचे, कुठे जाळ्यात माशांपेक्षा प्लॅस्टिकच्या पिशव्या जास्त. वास तर असा की रोहित पक्षी बघायला आलेले लोक नाकाला रुमाल लावून फोटो काढायचे. एका मे महिन्यात मी चिडून म्हणालो, "तात्या, वरून हे असलं येतंय आणि तुम्ही खाली डोळे मापत बसलाय. काय उपयोग?"

ते पिशवीत गुरफटलेली एक चिलापी सोडवत होते. शांतपणे म्हणाले, "वरनं काय येतंय ते माझ्या हातात न्हाय. डोळा माझ्या हातात हाय."

  चिलापीवर मात्र त्यांचा राग होता. बाहेरून आलेला हा मासा साऱ्या पाण्यात पसरला. "पाव्हणी म्हणून आली, आन् घरची माणसं वसरीला झोपायला लागली," असं ते म्हणायचे. पण बाजारात तिलाच गिऱ्हाईक, आणि रविवारी काकी तीच तळायच्या, आणि तात्या दोन भाकऱ्या जास्त खायचे. तत्त्व आणि ताट यांची त्यांनी कधी गाठ घातली नाही.

बारामतीच्या कॉलेजातली एक मुलगी माशांवर काही लिहायला आली होती. तिला हे तीन बोटांचं माप इतकं आवडलं की तिनं माझ्याकडची सुतळी ज्यात बांधून येते तो खाकी कागद मागितला, त्यावर तात्यांचा हात तीन बोटं चिकटवून ठेवला आणि पेन्सिलीनं भोवती रेघ काढली. दुसऱ्या पेरावर आडवी खूण केली. तिनं मोबाइलवर त्याचा फोटो घेतला आणि कागद मला देऊन गेली. मी तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. तात्या मान तिरकी करून बघत राहिले. "माझा हात एवढा मोठा हाय व्हय," म्हणाले, आणि लाजले. पन्नाशीच्या पुढचा माणूस लाजताना मी तेव्हा पाहिला.

पुढची चार-पाच वर्षं चांगली गेली. रोहू परत आला, मरळ दिसायला लागली. लोकांनी डोळ्याचं माप मनातच धरलं होतं, तात्यांना विळा काढायची वेळ क्वचित यायची. फेरी मात्र चुकली नाही. एकदा लेकीकडे सुप्याला चार दिवस राहायला गेले आणि दुसऱ्याच दिवशी परत आले. "तितं समदं ब्येस हाय," म्हणाले, "लेक हाय, जावाय हाय, हरणं बी हाईत. पण पाण्याचा वास न्हाय. झोप कशी लागायची?"

मग त्यांना शुगर निघाली. कुणालाच, त्यांनाही, लवकर कळलं नाही. माणूस हळूहळू उतरत गेला. आधी सदरा ढगळ झाला, मग गालाची हाडं वर आली. आम्ही म्हणायचो, तात्या, तब्येत जपा. ते म्हणायचे, "वय झालं, दुसरं काय." आणि फेरीला निघायचे.

दिवाळीच्या सुमाराला माझ्या लक्षात आलं. जाळ्याच्या डोळ्याला नंबर असतो, आणि गिऱ्हाइकं एक नंबर बारीक जाळं मागायला लागली होती. आधी एक जण, मग सगळेच. जाळी दारात टांगली की तात्या यायचे, बोटं घालायचे. "जातंय." नवं जाळं विकत घेणारा माझ्याकडे बघायचा नाही आणि मी त्याच्याकडे बघायचो नाही. चोरी म्हणावी तर तात्यांनी पास केलेलं होतं. सचोटी म्हणावी तर आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं की ती बोटं आता ती बोटं राहिली नव्हती. आणि मी? बारीक जाळी जास्त खपत होती. मी गप्प बसलो. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण ते तसंच झालं.

होळीच्या आधी एका दुपारी ते दुकानात आले. दारातल्या जाळ्याला हात लावला नाही. ओल्या पिशवीतून एक मासा काढून काउंटरवर ठेवला. वीतभर रोहू, चांदीसारखा. पहिल्याच वर्षाचं लेकरू.

"ह्यो माझ्या जाळ्यात घावला," ते म्हणाले.

त्यांनी दिवाळीनंतर माझ्याकडूनच नवं जाळं नेलं होतं, आणि स्वतःची बोटं घालूनच नेलं होतं.

"एखादा गुरफटतो, तात्या," मी म्हणालो.

"एखादा न्हाय. सोळा." मग कपाटाकडे बोट केलं. "त्यो कागद काढा."

मी कपाटाचं दार उघडलं. त्यांनी चिकटवलेल्या कागदावर उभ्यानंच हात ठेवला. बोटं रेघेत नीट बसवली. चारी बाजूंनी खाकी कागद दिसत होता. सरी पाडलेल्या वावरात एखादंच रोप उभं असावं तसा तो हात त्या हातात दिसत होता.

"पेन्सिल बाहेरून फिरते, तात्या," मी कसंबसं म्हणालो. "थोडी जागा राहणारच."

"थोडी," ते म्हणाले. हात कागदावरून काढला. मग माझ्याकडे न बघताच विचारलं, "तुला कवा कळलं?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा अरे-तुरे केलं. खोटं बोलायची सोय राहिली नाही.

"दिवाळीत," मी म्हणालो.

"मला आत्ता. म्हंजी दिवाळीपासनं लेकरं चाललीत बाजारात, माझ्या बोटानं." त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. खुर्चीवर बसले, हात मांडीवर उलटा-सुलटा करून बघितला, आणि म्हणाले, "माप आजारी पडलंय, सांगवीकर. चहा सांग."

 चहा सांगायला म्हणून मी बाहेर गेलो आणि जरा वेळानंच परत आलो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना काठावर बोलावलं. सरळ सांगितलं की ह्या सालात आपण पास केलेलं प्रत्येक जाळं नापास आहे. गलका झाला. एकानं म्हटलंच, "तात्या, तुमीच तर बोटं घातलीत. आता आमी काय करायचं?"

"व्हय, म्याच घातली. म्हणून पयलं माझं." आणि विळा काढून त्यांनी आपलं नवंकोरं जाळं उभं फाडलं. बुचाच्या कडेपासून शिशाच्या कडेपर्यंत. त्याला वेळ लागला. कुणी मदतीला गेलं नाही, कारण ती मदत घ्यायचे नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं. फाडून झाल्यावर खाली बसले आणि म्हणाले, "बाकीच्यांची मी कापणार न्हाय. चूक मापाची हाय. ज्याची त्यानं बघा."

मी उठून उभा राहिलो. आजवर त्या बैठकांत मी कधी तोंड उघडलं नव्हतं. म्हणालो, जो जाळं परत आणेल त्याला मोठ्या डोळ्याचं बदलून देतो. लोक माझ्याकडे बघायला लागले. ती होडीवाली बाई म्हणाली, "सांगवीकर, तुमच्याच दुकानातनं गेल्ती व्हय ही समदी?" हशा पिकला, आणि तो हशा मला लागला तसा बराही वाटला. आठवड्यात जवळजवळ सगळी जाळी परत आली. एकच आणायचं राहिलं, ते साडूनं दिवाळीत माझ्याकडून नेलेलं.

माप तर हवंच होतं. वरकुट्याच्या सुताराला बोलावलं. बाभळीची एक फळी, तीन बोटांच्या रुंदीची, पुढे गोलाई, दुसऱ्या पेराच्या जागी खाच, मागे धरायला मूठ. सुतारानं कागद फळीवर ठेवला आणि विचारलं, "तात्या, रेघंच्या आतनं कापू का बाहेरनं?"

तात्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "बाहेरनं. माशाला जराशी सूट दे."

तेव्हापासून ते लाकूड माझ्या दुकानात नायलॉनच्या दोरीला टांगलेलं असतं, आणि काठावरच्या फेरीला कुणी ना कुणी ते घेऊन जातं. तात्यांचं मन मोकळं झालं. काकींनी ज्वारी, कारलं आणि शिव्या यांवर त्यांना ठेवलं, डॉक्टरच्या गोळ्या होत्याच, आणि तब्येत जरा भरून आली. दुकानात आले की आधी लाकडाला हात लावून बघायचे. "ह्ये बरं," म्हणायचे. "ह्याला शुगर न्हाय व्हत." मला मात्र त्यांनी परत अहो-जाहो केलं नाही. ते अरे-तुरे मी दुकानातल्या कुठल्याही मालापेक्षा जपून ठेवलं आहे.

त्यानंतर ते तीन वर्षं होते. शेवटच्या उन्हाळ्यात विहीर बघायला मीही त्यांच्याबरोबर गेलो. भेगाळलेल्या गाळातून चालत आम्ही तिथपर्यंत पोचलो. आत हिरवट पाणी होतं आणि त्यात बारीक बारीक मासळी फिरत होती, पाणी मागे हटताना मागे राहिलेली. पाऊस पडून धरणाचं पाणी परत येईपर्यंत ती तिथेच राहणार होती. तात्या काठावर बसून बघत राहिले. "लेकरं माझ्या घरात ऱ्हायलीत," म्हणाले. त्यांचा चेहरा समाधानी होता. त्याच वर्षी पाणी विहिरीवरून चढल्यावर, श्रावणात, ते गेले. झोपेत गेले. काकी म्हणाल्या, उजवा हात छातीवर होता, तीन बोटं एकमेकांना चिकटलेली. मी विश्वास ठेवला, खरं असो नसो.

यंदाच्या हंगामाआधी मी तो खाकी कागद कपाटाच्या दारावरून अलगद सोडवला. कारण इतकंच की गिऱ्हाइकं परत एक नंबर बारीक जाळी न्यायला लागली होती, आणि कुणाच्या मनात काही वाकडं नव्हतं. लाकूड घालायचं, जातंय म्हणायचं आणि जाळं घ्यायचं. मी लाकूड कागदावर ठेवलं. रोज नायलॉनमध्ये घुसून घुसून ते दोन्ही कडांनी झिजलं होतं. भोवती खाकी कागद दिसत होता.

या वेळी मी होळीपर्यंत थांबलो नाही. त्याच दुपारी वरकुट्याच्या सुताराला फोन केला. तो आला, नवी फळी घासली, कागद वर ठेवला, कानामागची पेन्सिल काढली. तात्या नाहीत हे विसरल्यासारखा त्यानं आधी खुर्चीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"आतनं का बाहेरनं?"

"बाहेरनं," मी म्हणालो. "माशाला जराशी सूट दे."

काम झाल्यावर त्यानं ते माझ्या हातात दिलं. अजून भुसा लागलेलं होतं. मी दारातल्या जाळ्याचा एक डोळा धरला आणि फळी घातली. पहिल्या पेराशीच अडली. दुसरा डोळा, तिसरा डोळा. सगळं तसंच.

"न्हाय जात," मी म्हणालो. मग जाळं दारातून उतरवलं आणि सुताराला विचारलं, चहा झाला का.